समुद्र ऐकू येणार नाही अशी जागा

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

लंकाबाई आल्या होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात.

ओट्यावर मेथी निवडत बसले होते. फाटक वाजलं, वर पाहिलं तर त्या. मळ्यातून तशाच आलेल्या – कांद्याची लागण चालू आहे, पायांना चिखल. मी गडबडीनं उठले तर मांडीवरची मेथी सगळी खाली. त्यांनीच बसून गोळा केली.

पाणी प्यायल्या. चहा नको म्हणाल्या, मग घेतला. दिवाळीच्या आधी मालक गेले ते सांगितलं – कानिफनाथ, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला माहीत होतं. सोनईत कुणाला माहीत नाही? तरी त्या सांगत होत्या, मी ऐकत होते. निकिताचं नाव दोघींनीही काढलं नाही.

मग म्हणाल्या, "बाई, मला रत्नागिरीला न्या."

मी कपबशी उचलायला वाकले.

"मालक हुते तवर म्हनायचे, तिथं काय ठेवलंय. आता आडवायला कुनी न्हाई. माझ्या लेकीचं तोंड मी पाह्यलं न्हाई बाई, निदान ती जागा तरी बघू द्या. तुमी पोरांना घेऊन जिथं मुक्कामाला हुता ना, तिथंच उतरायचं आपन. लागण झाली की जाऊ."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.

४ जानेवारी

दिवसभर काही सुचलं नाही. दूध दोनदा उतू गेलं.

६ जानेवारी, सोमवार

हे मी कुठे लिहिलं नाही. या वहीतही नाही. आता लिहिते – नाहीतर लंकाबाईंबरोबर बसमध्ये दहा-बारा तास बसणार कशी?

डिसेंबर २०१३. नववीची सहल. बेचाळीस मुलं, राधाकृष्ण सर आणि मी. गणपतीपुळे करून रत्नागिरी. मुक्काम ठरला होता मारुती मंदिर भागातल्या एका कार्यालयाच्या हॉलमध्ये. गावात, वर, समुद्रापासून लांब. सरांनी महिनाभर आधी पत्र लिहून ठरवलेला.

मी सत्तेचाळीस वर्षांची होते आणि समुद्र पाहिला नव्हता. गणपतीपुळ्याला गर्दीत नीट बघता आला नाही. मुलं मोजण्यातच वेळ गेला. संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर आलो. सुरूची झाडं, लांबच्या लांब वाळू. तिथं एक पडवी असलेलं मोठं घर होतं, सहलींना देतात असं शहाळीवाला म्हणाला. मी सरांना म्हणाले, इथंच राहू या. मुलांना उठल्या उठल्या समुद्र दिसेल.

मुलांना, असं म्हणाले.

सर म्हणाले, "मुली आहेत बाई, पाणी जवळ आहे."

मी म्हणाले, "मी आहे ना."

ते बिचारे राजी झाले. संध्याकाळी सगळ्या मुलांनी माझ्या मोबाईलवरून घरी फोन केले. जेवताना मी सांगितलं, सकाळी उजाडताना समुद्र बघण्यासारखा असतो म्हणे. हेही मीच.

सकाळी मला जाग आली तेव्हा बाहेर नुकतं फटफटत होतं. मुली पडवीत झोपल्या होत्या, मी दाराशी. उठून मोजायला हवं होतं. उठले नाही. डोळे मिटून लाटा ऐकत पडून राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. माझ्या अश्विनीचे वडील गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. अंगातलं सगळं ओझं कुणीतरी उचलून नेतंय असं वाटत होतं.

मग पूजा धावत आली. निकिताची मैत्रीण. "बाई, निकिताच्या चपला तिकडं आहेत, ती नाहीय."

पोलिसांना मी जबाब दिला – झोपेत होते.

९ जानेवारी, गुरुवार

अश्विनीला फोन केला. पुण्यात ती मोबाईलवर सगळं बघून बुक करते, म्हटलं बघ. ती खूश झाली, आई कुठेतरी निघाली म्हणून. सहलीचं तिला तेवढंच माहीत आहे जेवढं गावाला माहीत आहे. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"कुठल्या भागात बघू? मांडवीला बघ ना, खिडकीतून समुद्र दिसतो. नाहीतर भाट्याला, एकदम किनाऱ्यावर."

म्हटलं, समुद्रापासून लांब बघ.

"आई, रत्नागिरीला जाऊन समुद्रापासून लांब कोण राहतं?"

म्हटलं, दमट हवा मला सोसत नाही.

१० जानेवारी

अश्विनीनं यादी पाठवली. फोटोंसकट. मांडवी – बंदराला लागून, समोर पाणीच पाणी. थिबा पॅलेसचा भाग – उंचावर, शांत, पण गच्चीतून खाडी आणि पलीकडे भाट्याची वाळू दिसते असं कुणीतरी कौतुकानं लिहिलंय. मारुती मंदिर – बाजार, रिक्षा, वर्दळ. कुवारबाव – स्टेशनच्या बाजूला, तिथून तर समुद्र फारच दूर.

एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत बसले. खोलीचा फोटो बघायचाच नव्हता. खिडकी बघत होते. खिडकीतून काय दिसतं ते.

भाट्याच्या फोटोंत ते घर नव्हतं. की होतं आणि रंग बदललाय? तो फोटो मोठा केला नाही. फोन पालथा ठेवला.

१२ जानेवारी, रविवार

मांडवीच्या लॉजला फोन लावला. विचारलं, खोलीत समुद्राचा आवाज येतो का?

"येतो म्हणजे काय ताई, पोरं लाटांच्या आवाजावर झोपतात," तो माणूस म्हणाला. अगदी अभिमानानं.

फोन ठेवून दिला. पुन्हा त्याचाच आला, मी उचलला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. लंकाबाई वाणाला नाही, पण तिळगूळ घेऊन आल्या. आता त्या अधूनमधून येणार असं दिसतंय. मला त्यांची भीती वाटते आणि त्या गेल्या की घर ओकंबोकं वाटतं.

"जागा बघितली का बाई?"

बघतेय म्हटलं.

"तीच बघा. पडवी हुती म्हनं. पूजा सांगायची, आमी पडवीत एका रांगंत झोपलो हुतो, निकी कडंला हुती."

मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "मालकांनी तिथंच दहन केलं. म्हनले, न्यायच्या हालतीत न्हाई. राख आनली, ती प्रवरासंगमाला सोडली. मला काय कळनार, राख कुनाची ती? दोन वरसं मी बाजारात पोरींची तोंडं बघत हिंडायचे. आता बघत न्हाई. पन दाराची कडी वाजली की आदी तिचंच नाव येतं तोंडात."

शाळेत मी हजेरी घेताना तेवीस नंबरावर थांबायची. दहावीला ती मुलं गेली, नंबर बदलले, तरी थांबायची. कुणीतरी "हजर" म्हणेल असं वाटायचं.

१७ जानेवारी

मागच्या रानात ऊसतोड लागली. दोन दिवसांत रान मोकळं होईल. बरं झालं. वारा सुटला की उसाच्या पाचटाचा आवाज लाटांसारखाच येतो – जवळ येतो, फुटतो, मागे जातो. अकरा वर्षं मागची खिडकी उघडलेली नाही.

१९ जानेवारी, रविवार

राधाकृष्ण सर आज फार आठवले.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी, राजिवड्याच्या बाजूला निकिता सापडली. त्याच दुपारी सर मला पोलीस ठाण्याबाहेर म्हणाले, "बाई, गावातला हॉल मिळाला नाही, म्हणून मुक्काम मी बदलला. असंच सांगायचं. तुमच्या पदरात लेक आहे, मागेपुढे कुणी नाही. राहू द्या माझ्या नावावर." मी एकदाही नको म्हणाले नाही. मान हलवली.

चौकशी झाली. मुख्याध्यापक व्हायचे होते, झाले नाहीत. सोनईच्या स्टँडवर कानिफनाथनं त्यांची कॉलर धरली तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. सरांनी हात वर केला नाही. चष्मा खाली पडला, तो मी उचलून दिला. एवढंच केलं!

निवृत्त झाल्यावर ते नेवाशाला घरीच असायचे. तीन वर्षांपूर्वी गेले. मी दहाव्याला गेले होते. सरांच्या पत्नी, भागिरथीवहिनी, माझ्याकडे बघत होत्या. मी लवकर निघून आले.

२२ जानेवारी

ठरलं. मारुती मंदिर. अश्विनीनं बुक केलं, दोन दिवस. म्हणजे तिथंच, जिथं आम्ही तेव्हा राहायला हवं होतं. तेव्हा राहिलो असतो तर निकिता आता पंचवीस वर्षांची.

लंकाबाईंना सांगितलं, समुद्राकाठचं मिळालं नाही. सगळं भरलंय.

"बरं," म्हणाल्या. लगेच विश्वास.

घरी येऊन लक्षात आलं. तेव्हा सांगितलं, गावातलं मिळालं नाही. आता सांगितलं, समुद्राकाठचं मिळालं नाही. तेच वाक्य. तेव्हा ते सर बोलले होते, आता माझं मी बोलले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

२ फेब्रुवारी

लंकाबाईंची लागण झाली. बुधवारी निघायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रत्नागिरी

सकाळचे साडेसात. लंकाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत. जाग्या आहेत, मला कळतंय. मी खिडकीशी खुर्चीत.

काल पहाटे निघालो. नगर, पुणे, मग रत्नागिरीची एसटी. लंकाबाई सगळा रस्ता जाग्या. आंबा घाट उतरताना त्यांना मळमळलं, लिंबू दिलं. "निकीला बी गाडी लागायची," म्हणाल्या. "तवा कुनी लिंबू दिल्तं का?" मी दिलं होतं. सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. त्या दाबण्यानं मला जास्त त्रास झाला.

संध्याकाळी सातला पोचलो. लॉजचे मॅनेजर साठीचे, बोलके. आधारकार्ड बघून म्हणाले, "सोनई म्हणजे शिंगणापूरजवळ ना? आम्ही येऊन गेलोय." मग रजिस्टरात लिहिता लिहिता – "एवढ्या लांबून आलात आणि इथे गावात कशाला राहिलात हो? भाट्याला राहायचं की. शाळा चालू आहेत, सगळं रिकामं पडलंय तिकडे."

लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जिना चढताना त्या पुढे, मी मागे.

खोलीत गेल्यावर त्यांनी खिडकी उघडली. खाली रिक्षा, वडापावची गाडी, माणसं.

"समुद्र कुठल्या अंगाला?"

"तिकडे. तीन-चार किलोमीटर."

"दिसत न्हाई."

"नाही."

"ऐकू बी येत न्हाई."

"नाही."

"मुद्दाम घेतली का बाई ही जागा?"

मग मी सांगितलं. उभ्यानंच. बसले असते तर सांगता आलं नसतं. मुक्काम सरांनी नाही, मी बदलला. हॉल मिळाला होता, ठरलेला होता. मला समुद्र ऐकत झोपायचं होतं म्हणून बदलला. सर नको म्हणत होते. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. आणि त्या सकाळी मी झोपेत नव्हते. जागी होते. लाटा ऐकत पडले होते. बरं वाटत होतं मला.

बरं वाटत होतं, हेही सांगितलं. ते कशाला सांगितलं कुणास ठाऊक. पण तेच तर आत अडकलेलं होतं.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "त्या मानसाला मी शिव्या घातल्यात बाई. भर बाजारात, त्यांच्या बायकोसमूर. म्हनले, तुझं वाटोळं हुईल. ते गेल्याचं कळलं तवा मला बरं वाटलं. गोड खाल्लं मी त्या दिवशी."

मग त्यांनी विचारलं,

"तिनं हाक मारली आसंल का?"

"लाटांचा आवाज होता. दुसरं काही ऐकू आलं नाही."

"पन तुमी जाग्या हुत्या."

"जागी होते."

मग त्या आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड करून. जेवल्या नाहीत. मीही नाही.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सकाळी आठ वाजता लंकाबाई उठल्या, तोंड धुतलं, लुगडं नीट केलं आणि म्हणाल्या, "मी एकटी जाते." रिक्षा कशी करायची ते विचारलं नाही. गेल्या.

मी खोलीत. दहा वाजले, अकरा वाजले. त्यांच्याकडे फोन नाही. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. साडेअकराला मी खाली पळाले आणि रिक्षावाल्याला भाट्याला चल म्हणाले. म्हणाले आणि मग कळलं, आपण कुठे निघालोय.

पूल ओलांडला आणि आवाज आला. मी कान झाकले नाहीत. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणाला, "ताई, बरं नाही वाटत का?" म्हटलं, चालव तू.

सुरूच्या झाडांत ते घर अजून आहे. दाराला कुलूप, पडवीत जुन्या होड्यांची जाळी टाकलेली. त्याच्या पुढे वाळूत लंकाबाई बसल्या होत्या. एकट्या. जिवंत. मी वीस पावलांवर थांबले.

त्यांनी मागे न बघता म्हटलं, "या. बसा."

बसले. ऊन होतं, भरती उतरत होती. समुद्र तसाच. त्याला काहीच झालेलं नाही. मला वाटायचं, बघितला तर मी वेडी होईन. काही झालं नाही. नुसतं पाणी येत होतं, जात होतं.

"चपला कुठं हुत्या?"

मी जागा दाखवली. अंदाजानं – वाळू काय तीच राहते? त्यांनी आपल्या चपला तिथं काढून ठेवल्या आणि पाण्याकडे निघाल्या. मी उठून मागोमाग गेले. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तशा थांबल्या. मीही त्यांच्या शेजारी. लाट आली की पायाखालची वाळू सरकायची आणि माझा तोल जायचा. त्या मात्र खांबासारख्या उभ्या. ओठ हलत होते, काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही. ते त्यांचं दोघींचं.

परत आल्यावर लुगड्याचा काठ पिळला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता नेवाशाला जायचं. सरांच्या घरी. मी त्यांच्या बायकोच्या पाया पडनार. आन तुमी मला जे सांगितलं ते त्यांना सांगायचं."

हो म्हटलं.

"आज मला भूक लागलीय," म्हणाल्या.

दोघींनी राईसप्लेट खाल्ली. मासे नको म्हणाल्या.

७ फेब्रुवारी

परतीचा दिवसभर प्रवास. बोलणं नाही. पण त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे केली.

९ फेब्रुवारी, रविवार

नेवाशाला जाऊन आलो.

भागिरथीवहिनी अंगणात डाळ वाळत घालत होत्या. आम्हा दोघींना एकत्र बघून हातातलं सूप खाली ठेवलं. लंकाबाई काही न बोलता त्यांच्या पायांवर डोकं ठेवून पडल्या. वहिनी घाबरल्या – "अहो, अहो उठा." उठवून बसवलं.

मी सांगायला लागले. दोन वाक्यं बोलले असेन.

"मला माहीत आहे बाई," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं."

एवढी वर्षं माहीत होतं. दहाव्याला मला बघत होत्या ते त्यासाठी.

"मग तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"ह्यांनी शपथ घातली होती. म्हणायचे, त्या स्वतः येतील. बोलायला माणसाला वेळ लागतो." डाळीवरून हात फिरवत होत्या. "शेवटी शेवटी अंथरुणाला खिळले होते ना, तेव्हा दार वाजलं की विचारायचे, बाई आल्यात का? मी म्हणायची, नाही, दूधवाला आहे."

रडणंसुद्धा आलं नाही मला. सोनई ते नेवासा बसनं किती वेळ लागतो? तासभरसुद्धा नाही.

वहिनींनी आम्हाला जेवायला वाढलं. रागावल्या नाहीत. निघताना लंकाबाईंना कुंकू लावायला बोट पुढे केलं, मग दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघी तशाच थांबल्या. मग वहिनींनी नुसता त्यांच्या गालावरून हात फिरवला. माझ्या नाही.

ठीक आहे. ते बरोबरच आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

नेवाशाहून परत येताना लंकाबाई बसमध्ये जे बोलल्या, ते काल लिहवलं नाही.

"आदल्या सांजंला तिचा फोन आल्ता बाई. तुमच्याच मोबाईलवरून. मी म्हनले, समुद्राचं पानी खरंच खारट आसतंय का गं? मला बाटलीभर आन, चाखून बघू दे. म्हनून ती उठून गेली. तुमी जागा बदलली म्हनून न्हाई. माझ्यासाठी गेली. मालकांना बी कधी बोलले न्हाई मी हे."

मग विचारलं, "बाटली हुती का तिच्या हातात?"

बाटली होती. हातात नव्हे – चपलांशेजारी, वाळूत उभी केलेली. निळी, झाकण घट्ट लावलेली. पूजा रडून रडून घेरी येऊन पडली तेव्हा मी तीच उघडून तिच्या तोंडाला लावली होती. पूजानं थुंकून टाकलं. खारट होतं. त्या धावपळीत पुन्हा कधी मनातच आलं नाही.

मी म्हणाले, भरलेली होती लंकाबाई. भरून, झाकण लावून, वर कोरड्या वाळूत ठेवली होती. तुमचं काम तिनं केलं होतं. त्यानंतर पाण्यात गेली ती तिच्या मनानं गेली. तिला आवडलं म्हणून.

त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. सोनई आली. उतरताना दाराशी थांबून म्हणाल्या, "मग त्या पान्याचं काय केलं बाई?"

वाळूत ओतलं, म्हणाले.